अशनीपासून औषधापर्यंत : वेगळे करण्याच्या एका पद्धतीचा प्रवास

प्रास्ताविक

विज्ञानविषयक मजकूर वाचताना आपले लक्ष बहुधा निष्कर्षाकडे असते. अमुक ठिकाणी अमुक पदार्थ सापडला, अमुक औषधाने रोग आटोक्यात आला, एवढेच आपण लक्षात ठेवतो. तो निष्कर्ष कोणत्या पद्धतीने काढला, याची माहिती वृत्तपत्रातील बातमीत सहसा नसते आणि आपणही ती विचारीत नाही. प्रस्तुत लेखात आपण निष्कर्षांपेक्षा पद्धतीकडे अधिक पाहणार आहोत. मिश्रणातील घटक एकमेकांपासून वेगळे करण्याची ही पद्धत आहे. आकाशातून पडलेल्या दगडात ॲमिनो अम्ले आहेत काय, या प्रश्नाचे उत्तर तिने दिले. प्रथिनांची घडण तिच्यामुळे समजली. आणि मुलांच्या रक्तकर्करोगावरील एक औषधही तिच्याच आधाराने हाती आले.

या लेखासाठी रसायनशास्त्राच्या पूर्वज्ञानाची गरज नाही. शालेय विज्ञान पुरेसे आहे. मात्र लेख सावकाश वाचावा आणि मध्ये सुचवलेला छोटा प्रयोग शक्यतो करून पाहावा.

१. उल्का आणि अशनी

आधी दोन शब्दांतील फरक पाहू. रात्री आकाशात क्षणभर चमकून जाणारी रेघ म्हणजे उल्का. बोलीभाषेत आपण ‘तारा तुटला’ असे म्हणतो, पण तो तारा नसतो. अवकाशातील लहानसा खडा वातावरणात अतिवेगाने शिरून तापतो व त्याचा तो प्रकाश असतो. बहुतेक उल्का वरच्या वरच नष्ट होतात. जो तुकडा जमिनीपर्यंत पोचतो त्याला अशनी म्हणतात. मराठी वृत्तपत्रांत दोन्हींसाठी ‘उल्का’ हाच शब्द सर्रास वापरला जातो. भाषेच्या अभ्यासकाने हा फरक पाळावा, कारण रेघ प्रयोगशाळेत नेता येत नाही, दगड नेता येतो.

महाराष्ट्रात अशा आघाताची खूण आपल्याला परिचित आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे बेसाल्ट खडकात अवकाशस्थ वस्तूच्या आघाताने तयार झालेले विवर असून त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. परंतु एवढ्या मोठ्या आघातात आदळणारी वस्तू स्वतः जवळजवळ नाहीशी होते. आपल्या विषयाला उपयोगी पडतात ते हळुवारपणे पडलेले, हातात मावतील असे अशनी. आणि त्यांतही कार्बनयुक्त अशनी. ते संख्येने थोडे, दिसायला कोळशासारखे काळे व ठिसूळ असतात. सूर्यमाला घडत असताना तयार झालेले द्रव्य त्यांत फारसा बदल न होता टिकून राहिलेले असते. सजीवांना लागणारी रसायने सजीवांशिवाय तयार होऊ शकतात काय, या प्रश्नाचा पुरावा अशाच दगडांत शोधावा लागतो.

२. मर्चिसनचा दगड आणि बोटांचे ठसे

२८ सप्टेंबर १९६९ रोजी सकाळी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात मर्चिसन या गावाजवळ एक अग्निगोल फुटून त्याचे तुकडे विखुरले. पुढे गोळा केलेल्या तुकड्यांचे वजन शंभर किलोग्रॅमपेक्षा अधिक भरले. हा अशनी कार्बनयुक्त होता. शिवाय तो पडल्याबरोबर उचलला गेला होता, पावसापाण्यात वर्षानुवर्षे पडून राहिला नव्हता. आणखी एक योग असा की, त्याच वर्षी जुलै महिन्यात अपोलो ११ चे अंतराळवीर चंद्रावर उतरले होते. चंद्रावरील मातीत ॲमिनो अम्लांचा अंश असल्यास तो ओळखता यावा म्हणून अमेरिकेतील काही प्रयोगशाळा अत्यंत स्वच्छ स्थितीत सज्ज होत्या. त्यांपैकीच नासाच्या एम्स संशोधन केंद्रात मर्चिसनच्या तुकड्यांचे परीक्षण झाले. या गटात मूळचे श्रीलंकेचे रसायनशास्त्रज्ञ सिरिल पोन्नंपेरुमा होते.

ॲमिनो अम्ल म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. आपल्या शरीरातील प्रथिने म्हणजे लांबच लांब साखळ्या असतात. त्या साखळीची एकेक कडी म्हणजे एक ॲमिनो अम्ल. निसर्गात ॲमिनो अम्लांचे अनेक प्रकार आहेत, परंतु सजीवांच्या प्रथिनांत प्रामुख्याने वीसच प्रकार वापरले जातात. कडी सापडणे आणि साखळी सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘अवकाशातील दगडात प्रथिने सापडली’ अशी बातमी वाचली की मूळ संशोधनात ‘ॲमिनो अम्ले’ असा शब्द आहे काय, हे आधी पाहावे. बहुतेक वेळा तसेच असते.

आता खरी अडचण. ॲमिनो अम्ले पृथ्वीवर सर्वत्र आहेत. ती धुळीत आहेत, मातीत आहेत आणि आपल्या घामात आहेत. १९६५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात याविषयी दोन टिपणे प्रसिद्ध झाली. माणसाने नुसत्या बोटांनी काचपात्र हाताळले तरी त्यावर मोजता येण्याजोगी ॲमिनो अम्ले लागतात, असे त्यांत दाखवून दिले होते. सेरीन नावाचे ॲमिनो अम्ल बोटांवर विशेष असते. त्यापूर्वी काही अशनींत सापडल्याचे जाहीर झालेले मिश्रण या बोटांवरील मिश्रणाशी चांगलेच जुळत होते! अवकाशातील रसायन म्हणून जे मोजले ते कदाचित संशोधकाच्याच हाताचे होते.

त्याच सुमारास याहून विलक्षण प्रकार उघडकीस आला. फ्रान्समधील ऑर्गेय येथे १८६४ साली पडलेल्या अशनीचा एक तुकडा संग्रहालयात बंद बरणीत जवळजवळ शंभर वर्षे होता. तो उघडला तेव्हा त्यात वनस्पतीचे बी आढळले. बारकाईने पाहता ते बी व कोळशाचे कण सरसाने चिकटवून बसवलेले आहेत आणि वरचा थर पुन्हा जुळवलेला आहे, असे लक्षात आले. कोणीतरी १८६४ च्या सुमारास केलेली ही थट्टा शतकभर कोणाच्या लक्षातच आली नव्हती.

विचार करा : मर्चिसनच्या दगडात ॲमिनो अम्ले सापडली, तर ती दगडाचीच आहेत आणि हाताळणाऱ्यांच्या हाताची नाहीत, हे तुम्ही कसे सिद्ध कराल? पुढे वाचण्यापूर्वी आपले उत्तर वहीत लिहावे.

३. वेगळे करण्याची युक्ती : वर्णलेखन

या प्रश्नाचे उत्तर मिळण्यासाठी मिश्रणातील प्रत्येक ॲमिनो अम्ल वेगळे करता आले पाहिजे. त्यासाठीच्या पद्धतीला वर्णलेखन किंवा क्रोमॅटोग्राफी म्हणतात. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पानांतील हिरवी व पिवळी रंगद्रव्ये खडूच्या पुडीने भरलेल्या नळीतून खाली उतरवून वेगळी केली. निरनिराळ्या रंगांचे पट्टे उमटले म्हणून हे नाव पडले. पुढे ज्यांना रंगच नाही अशा पदार्थांसाठीही तीच पद्धत वापरली गेली, तरी नाव कायम राहिले.

तत्त्व सोपे आहे. आठवडी बाजाराच्या एका टोकाला शंभर माणसे एकाच वेळी आत शिरली आहेत अशी कल्पना करा. काही जण कोठेही न थांबता चालत राहतात, काही भाजीच्या प्रत्येक पाटीपाशी रेंगाळतात, काही फक्त कापडाच्या दुकानाशी थांबतात. दुसऱ्या टोकाला ती एकाच वेळी बाहेर पडणार नाहीत. ज्याची दुकानांकडे ओढ अधिक तो मागे पडतो. वर्णलेखनात वाहता द्रव किंवा वायू म्हणजे चालण्याची वाट आणि नळीतील किंवा कागदातील स्थिर पदार्थ म्हणजे दुकाने. मिश्रणातील प्रत्येक घटकाची त्या स्थिर पदार्थाकडे असलेली ओढ थोडी वेगळी असल्यामुळे ते क्रमाक्रमाने बाहेर येतात.

घरी करून पाहण्याजोगा प्रयोग असा : टीपकागदाची एक लांब पट्टी घ्या. तिच्या खालच्या टोकापासून दोन बोटे वर काळ्या स्केचपेनने ठिपका द्या. पेल्यात थोडे पाणी घेऊन पट्टीचे फक्त टोक बुडेल आणि ठिपका पाण्याच्या वर राहील अशी ती उभी धरा. पाणी वर चढू लागले की काळ्या ठिपक्यातून निळा, जांभळा, पिवळा असे रंग वेगवेगळ्या उंचीवर पोचलेले दिसतील. ‘काळा’ म्हणून आपण घेतलेली शाई मिश्रण होती, हे डोळ्यांनी दिसते. काही पेनांची शाई एकाच रंगाची असते व काहींची पाण्यात विरघळत नाही. तसे झाल्यास दुसरे पेन घ्यावे.

ॲमिनो अम्लांसाठी या पद्धतीला खरे रूप दिले ते इंग्लंडमधील आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी. लीड्स येथील लोकर उद्योगाच्या संशोधन संस्थेत ते काम करीत होते. लोकर हे प्रथिन आहे आणि त्यातील ॲमिनो अम्ले मोजण्याची सोय त्या धंद्याला हवी होती. १९४१ मध्ये त्यांनी आपली पद्धत मांडली, पुढे मार्टिन यांच्या गटाने साध्या गाळणकागदावर ती करून दाखवली आणि १९५२ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. लोकरीच्या गिरण्यांची गरज, आणि तिच्यातून जीवशास्त्राला मिळालेले एक प्रमुख साधन! कोणते संशोधन ‘उपयोगी’ आणि कोणते ‘निरुपयोगी’ हे आधीच ठरवू पाहणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे असे मला वाटते.

ॲमिनो अम्ले रंगहीन असतात, मग कागदावर ती दिसणार कशी? त्यासाठी निनहायड्रिन हे रसायन फवारतात. १९१० मध्ये सीगफ्रीड रूहमान यांनी ते शोधले. ॲमिनो अम्लाशी संयोग होताच ते जांभळा रंग देते. हेच रसायन १९५४ पासून पोलीस तपासात कागदावरील बोटांचे ठसे उमटवण्यासाठी वापरले जाऊ लागले. अशनीच्या परीक्षकाला ज्याची धास्ती, तेच पोलिसांच्या उपयोगाचे.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील स्टॅनफर्ड मूर आणि विल्यम स्टाइन यांनी कागदाऐवजी राळेच्या बारीक कणांनी भरलेले स्तंभ वापरून या पद्धतीला अचूक मोजमापाची जोड दिली. १९५८ मध्ये त्यांच्या गटाने स्वयंचलित यंत्र तयार केले आणि पूर्वी आठवडे घेणारे काम सुमारे एका दिवसावर आले. प्रथिनाची साखळी आधी तीव्र हायड्रोक्लोरिक अम्लात तापवून तोडायची, कड्या सुट्या करायच्या आणि मग त्या स्तंभातून उतरवून मोजायच्या, अशी ही रीत आहे. तिच्यात एक उणीव आहे. अम्लात तापवल्यावर सर्वच कड्या जशाच्या तशा राहत नाहीत. ॲस्परॅजीन नावाच्या ॲमिनो अम्लाचे या प्रक्रियेत ॲस्पार्टिक अम्ल होते. म्हणजे यंत्राला ॲस्परॅजीन दिसतच नाही. दिसते ते त्याचे रूपांतर. हे नाव लक्षात ठेवा. लेखाच्या उत्तरार्धात तेच मुख्य पात्र आहे.

४. डावे आणि उजवे

आपला डावा हात आरशासमोर धरला तर आरशात उजवा हात दिसतो. दोन्हींची रचना तीच, पण डाव्या हाताचा मोजा उजव्या हाताला बसत नाही. बहुतेक ॲमिनो अम्लांचेही असेच आहे. त्यांची डावी व उजवी अशी दोन रूपे असतात. प्रयोगशाळेत साध्या रासायनिक क्रियेने ॲमिनो अम्ल तयार केले तर दोन्ही रूपे निम्मी-निम्मी मिळतात. सजीवांची प्रथिने मात्र डाव्या रूपांचीच बनलेली असतात. प्रथिनांतील ॲमिनो अम्लांपैकी ग्लायसीन हे एकच इतके साधे आहे की त्याला डावे-उजवे नाही.

मघाच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. बोटांवरून आलेले ॲमिनो अम्ल मुख्यतः डावे असणार. सजीवांच्या मदतीवाचून तयार झालेले दोन्ही रूपांत सारखेच असणार. एम्स केंद्रातील संशोधकांनी मर्चिसनच्या दगडाची पूड उकळत्या पाण्यात ठेवून अर्क काढला, वायू-वर्णलेखनाने डावी व उजवी रूपे वेगळी केली आणि वस्तुमान-वर्णपटमापक या यंत्राने प्रत्येक रेणू ओळखला. डिसेंबर १९७० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दोन्ही रूपे जवळजवळ समप्रमाणात होती. त्याशिवाय सजीवांची प्रथिने जी कधी वापरीत नाहीत अशी ॲमिनो अम्लेही त्यात होती. एवढे दोन पुरावे एकत्र आल्यावर हाताच्या घामाची शंका मागे पडली.

तरीही प्रकरण पूर्णपणे मिटले नाही. १९९७ मध्ये क्रोनिन आणि पिझारेल्लो यांनी याच दगडातील आयसोव्हॅलीन या ॲमिनो अम्लाचे डावे रूप थोडे अधिक असल्याचे दाखवले. ते प्रथिनांत वापरले जात नसल्यामुळे येथे घामाचे कारण देता येत नव्हते. याउलट, सप्टेंबर २०२३ मध्ये बेन्नू या लघुग्रहावरून थेट पृथ्वीवर आणलेल्या नमुन्यात प्रथिनांतील वीसपैकी चौदा ॲमिनो अम्ले सापडली आणि त्यांत डावे-उजवे जवळजवळ सारखेच होते. सजीवांनी डावी बाजूच का निवडली, याचा उलगडा अद्याप झालेला नाही. २०२० मध्ये तर अल्जीरियात सापडलेल्या एका अशनीत संपूर्ण प्रथिन असल्याचा दावा करण्यात आला. त्याची बातमी जगभर झाली, परंतु सर्वमान्यता त्याला मिळालेली नाही. असा दावा वाचताना पहिला प्रश्न विचारावा तो हाच : नमुना कसा वेगळा केला, आणि दूषितीकरणाची शंका कशी दूर केली?

५. ॲस्परॅजीन

आता आकाशातून जमिनीवर येऊ. १८०६ मध्ये व्होक्लँ आणि रोबिके या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ॲस्परॅगस या भाजीच्या रसातून एक स्फटिकरूप पदार्थ मिळवला. भाजीच्या नावावरून तो ॲस्परॅजीन म्हणून ओळखला जाऊ लागला. सर्व ॲमिनो अम्लांत सर्वप्रथम वेगळे केले गेलेले हेच. ही भाजी आपल्या शतावरीच्या प्रजातीतील आहे. पुढे १८८६ मध्ये आर्नाल्दो पियुत्ती या इटालियन शास्त्रज्ञांना ॲस्परॅजीनचे उजवे रूप गोड लागले. डाव्या रूपाला अशी चव नसते. आपल्या जिभेलाही डावे-उजवे कळते, हे यावरून दिसले.

निरोगी माणसाच्या बहुतेक पेशी स्वतःला लागणारे ॲस्परॅजीन स्वतः तयार करतात. म्हणून आहारातून ते मिळाले नाही तरी बिघडत नाही, आणि आहारातून ते वगळून रोगावर इलाज करता येईल असेही नाही, कारण यकृत ते बनवून रक्तात सोडतच राहते. शतावरी खाण्याचा वा न खाण्याचा पुढील विवेचनाशी काहीही संबंध नाही, हेही येथे स्पष्ट केलेले बरे.

६. तुलनागटातील उंदीर

१९५३ मध्ये न्यूयॉर्क येथील कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन किड उंदरांतील लसिका-अर्बुदांवर, म्हणजे लिम्फोमावर, प्रयोग करीत होते. सशाच्या शरीरात अर्बुदविरोधी प्रतिपिंडे तयार करायची आणि ती उंदराला टोचायची, अशी मूळ योजना होती. प्रतिपिंडांना साहाय्यक म्हणून गिनीपिगचे रक्तजल दिले जात असे. योग्य रीतीप्रमाणे त्यांनी तुलनेसाठी उंदरांचा आणखी एक गट ठेवला होता. त्या गटाला प्रतिपिंडे न देता केवळ गिनीपिगचे रक्तजल दिले. त्या गटातील उंदरांचीही अर्बुदे विरली. घोड्याच्या किंवा सशाच्या रक्तजलाने तसे होत नव्हते.

तुलनागट नसता तर सारे श्रेय प्रतिपिंडांना मिळाले असते. परंतु गिनीपिगच्या रक्तजलात नेमके काय आहे? रक्तजलात असंख्य प्रथिने असतात. उत्तर मिळायला आठ वर्षे लागली. त्याच संस्थेतील जॉन ब्रूम यांच्या वाचनात १९२२ मधील एक जुना निबंध आला. ॲस्परॅजीनचे विघटन करणारे ॲस्परॅजिनेज हे एंझाइम गिनीपिगच्या रक्तजलात असते, इतर नेहमीच्या प्राण्यांच्या रक्तजलात नसते, असे क्लेमेंटी यांनी त्यात नोंदवले होते. ब्रूम यांनी रक्तजलातील प्रथिने निरनिराळ्या पद्धतींनी वेगळी केली आणि प्रत्येक भागाच्या दोन चाचण्या घेतल्या : त्याने अर्बुद विरते काय, आणि त्यात ॲस्परॅजिनेज आहे काय? दोन्ही गुण नेहमी एकाच भागात आढळले. तापवून वा अम्लता बदलून एक गुण गेला की दुसराही जाई. १९६१ मध्ये त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला.

यामागची यंत्रणा अशी आहे. काही रक्तकर्करोगांतील पेशींना ॲस्परॅजीन पुरेसे तयार करता येत नाही. त्या ते रक्तातून घेतात. ॲस्परॅजिनेज रक्तातील ॲस्परॅजीनचे ॲस्पार्टिक अम्ल आणि अमोनिया यांत रूपांतर करते. कर्कपेशींची उपासमार होते. निरोगी पेशी स्वतःचे स्वतः बनवून तगतात. कर्कपेशीची एवढी एकच उणीव हेरून तिच्यावर घाव घालणारे हे औषध आहे. त्या काळी बहुतेक औषधे वाढणाऱ्या सर्वच पेशींवर सरसकट आघात करीत; हे त्यांहून वेगळे होते.

७. एका जिवाणूतील दोन एंझाइमे

गिनीपिग हा लहानसा प्राणी. एका मुलाच्या उपचाराला पुरेल एवढे रक्तजल त्यापासून मिळवणे व्यवहार्य नव्हते. १९६४ मध्ये मॅशबर्न आणि रिस्टन यांनी दाखवले की आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूचे ॲस्परॅजिनेजही उंदरातील अर्बुदांवर परिणाम करते. जिवाणू टाकीत हवे तेवढे वाढवता येतात, त्यामुळे पुरवठ्याचा प्रश्न सुटण्याची शक्यता दिसली.

पण येथे पुन्हा वेगळे करण्याचा प्रश्न उभा राहिला. ई. कोलायमध्ये दोन प्रकारची ॲस्परॅजिनेजे असतात. दोन्ही तीच क्रिया करतात. परंतु पहिल्याला काम करण्यासाठी ॲस्परॅजीन भरपूर लागते, तर दुसरे ते अगदी विरळ असतानाही पकडते. रक्तात ॲस्परॅजीन विरळच असते. त्यामुळे पहिले एंझाइम नळीत उत्तम काम करते आणि शरीरात निरुपयोगी ठरते. १९६७ पर्यंत ही दोन्ही वर्णलेखनाच्या स्तंभावर वेगळी करण्यात आली व उपयोगी कोणते ते निश्चित झाले.

उपयोगी एंझाइम जिवाणूच्या दोन आवरणांमधील पोकळीत असते. ते मिळवण्याची एक रीत अशी. जिवाणू आधी साखरेच्या दाट द्रावणात ठेवतात व मग एकदम थंड पाण्यात टाकतात. त्या धक्क्याने बाहेरच्या आवरणातून पोकळीतील प्रथिने निसटतात. आतली पेशी बहुतांशी शाबूत राहते. त्यानंतर अमोनियम सल्फेट हे क्षार थोडेथोडे मिसळत जातात. दूध नासवल्यावर जसा चोथा वेगळा होतो तशी निरनिराळी प्रथिने क्षाराच्या निरनिराळ्या प्रमाणाला साकळून खाली बसतात. हवा तो साका पुन्हा विरघळवून बारीक छिद्रांच्या पिशवीतून क्षार धुऊन काढतात आणि द्रावण स्तंभावर चढवतात. प्रत्येक पायरीवर दोन आकडे नोंदले जातात : एकूण प्रथिन किती आणि एंझाइमचे काम किती. दुसऱ्याला पहिल्याने भागून येणारी संख्या पायरीगणिक वाढली पाहिजे. ती वाढेनाशी झाली तर एंझाइम एक तर शुद्ध झाले आहे, नाही तर हाताळताना बिघडत आहे.

शुद्धतेची खात्री करण्यासाठी जेलीसारख्या पातळ चकतीवर प्रथिन ठेवून तिच्यातून वीजप्रवाह सोडतात. लहान रेणू पुढे धावतात, मोठे मागे राहतात. १९७० मध्ये लेम्ली यांनी मांडलेली ही पद्धत आजही जीवशास्त्राच्या जवळपास प्रत्येक प्रयोगशाळेत रोजच्या वापरात आहे. शुद्ध ॲस्परॅजिनेज असेल तर सुमारे पस्तीस हजार डाल्टन वजनापाशी एकच ठळक पट्टा दिसतो. प्रत्यक्षात हे एंझाइम अशा चार सारख्या साखळ्यांचे बनलेले असते. या पद्धतीत त्या सुट्या होतात. इतरत्र पट्टे दिसले तर नमुन्यात अन्य प्रथिने उरली आहेत असे समजावे.

८. रुग्णालयात

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे औषध रुग्णांना देण्यास प्रारंभ झाला आणि १९७८ मध्ये अमेरिकेत त्याला अधिकृत मान्यता मिळाली. एकट्या ॲस्परॅजिनेजने आलेली सुधारणा टिकत नाही, हे लवकरच कळून आले. म्हणून तीव्र लसिकापेशीय रक्तकर्करोगात ते इतर औषधांबरोबर देतात. त्या औषधांत आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीनही आहे. १९४८ पूर्वी या रोगाने ग्रासलेली मुले बहुधा काही महिन्यांतच दगावत. आज संपन्न देशांत अशी सुमारे नव्वद टक्के मुले पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. भारतात मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, तसेच चेन्नई व दिल्ली येथील केंद्रांनी १९८० च्या दशकाच्या मध्यापासून ॲस्परॅजिनेजचा समावेश असलेली एकच ठरावीक उपचारयोजना राबवली आणि बरे होणाऱ्यांचे प्रमाण पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारले. तरीही आपल्याकडील प्रमाण संपन्न देशांहून कमी आहे. उशिरा झालेले निदान, उपचारकाळातील जंतुसंसर्ग आणि पैशाअभावी वा अंतरामुळे अर्ध्यावर सोडलेले उपचार ही त्याची मोठी कारणे आहेत. हे उपचार साधारणतः दोन ते तीन वर्षे चालतात. गावातून शहरात वारंवार येणाऱ्या कुटुंबाला त्याचा अर्थ काय होतो, हे तुमच्यापैकी काहींना वेगळे सांगायला नको.

हे औषध म्हणजे परक्या जिवाणूचे प्रथिन. शरीर त्याला ओळखते व त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते. कधी अंगावर पित्त उठते, श्वास कोंडतो. तेव्हा औषध बंद करून दुसऱ्या जिवाणूपासून मिळवलेले ॲस्परॅजिनेज देतात. स्वादुपिंडाला सूज येणे आणि रक्तात गाठी होणे हेही त्याचे ज्ञात दुष्परिणाम आहेत. पण अधिक फसवा प्रकार निराळाच आहे. काही मुलांत बाहेरून कोणतेही लक्षण न दिसता प्रतिपिंडे औषध निकामी करतात. इंजेक्शन वेळेवर दिले जाते, नोंदवहीत त्याची नोंद होते, मूल शांत असते, आणि कर्कपेशींना ॲस्परॅजीन मिळतच राहते. हे ओळखण्यासाठी रक्तातील एंझाइमचे काम मोजावे लागते.

औषधाच्या गुणवत्तेचा प्रश्न याहून गंभीर आहे. २०१७ मध्ये ब्राझीलमध्ये सरकारने परदेशातून स्वस्त ॲस्परॅजिनेज आयात केले. काही बालरोगतज्ज्ञांनी ते मुलांना देण्यास नकार दिला व त्याचे परीक्षण करवून घेतले. द्रव-वर्णलेखन आणि वस्तुमान-वर्णपटमापक यांच्या जोडीने पाहिले असता त्यात जिवाणूची इतर प्रथिने मोठ्या प्रमाणात मिसळलेली आढळली. वर्णलेखन आणि वस्तुमान-वर्णपटमापक ही जोडी आपण मर्चिसनच्या दगडापाशी पाहिली होती. भारतातही निरनिराळ्या उत्पादकांच्या ॲस्परॅजिनेजच्या कामात तफावत असल्याचे अभ्यास प्रसिद्ध झाले आहेत. कुपीवर छापलेली मात्रा आणि मुलाच्या रक्तात प्रत्यक्ष चालू असलेले काम या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, म्हणून जेथे सोय आहे तेथे डॉक्टर ते मोजून घेतात.

मोजण्यातही एक अडचण आहे. औषधाने रक्तातील ॲस्परॅजीन खरोखर संपले आहे काय, हे पाहायचे असेल तर रक्ताचा नमुना घ्यावा लागतो. पण त्या नमुन्यात एंझाइमही असते, आणि रक्त नळीत आले म्हणून ते काम थांबवत नाही. नमुना तासभर टेबलावर राहिला तर उरलेसुरले ॲस्परॅजीनही नळीतच संपते आणि यंत्र शून्य दाखवते, मग मुलाच्या शरीरात ते शिल्लक असो वा नसो. म्हणून या चाचणीसाठी रक्त काढताक्षणीच नळी बर्फात ठेवतात आणि तातडीने त्यातील प्रथिने साकळवून बाजूला काढतात. त्यानंतरच नमुना स्तंभाकडे जातो.